बिरोबापुढचा दिवा

“बाईच्या अंगचं बाईनं पदराखाली ठेवावं, बने. चुलीलाबी सांगू न्हाय.”

आई जाऊन किती उन्हाळे सरले, पण मोरीत लुगडं पिळताना बनाबाईच्या कानाशी तोच आवाज आला. पाण्यात आजही लाली उतरली होती.

पाळी गेली तेव्हा सासूने वळसंगच्या माळावरच्या बिरोबाचा दिवा तिच्या हाती सोपवला होता. विटाळ सरलेल्या बाईनेच तो लावायचा, ही घरची रीत. मग इतक्या वर्षांनी हे काय? देव कोपला, गेलेला विटाळ त्याने माघारी धाडला, असंच तिने धरलं. दिवा लावणं सोडलं. “गुडघा धरलाय,” एवढंच घरात सांगितलं आणि अंथरूण ओसरीच्या टोकाला नेलं.

“गुडघा धरलाय, मग मेंढरामागं कशा पळताय ओ, आत्या?” सून प्रियंका हसली. “का बिरोबासंगं भांडलाय?”

बनाबाई हसली नाही. प्रियंकाची नजर पिळलेल्या लुगड्यावर गेली, आणि तिचंही हसू विझलं.

“कळपापासनं लांब बसलेली दुखणाईत मेंढी तुमी लांबनं वळखता की! मग सोताचं कसं कळंना? ह्यो विटाळ न्हाय, आत्या. आशाताई सांगत हुत्या, पाळी गेल्यावर परत लाल गेलं तर पिशवीच्या तोंडाचा कॅन्सरबी असतोय. लवकर घावला तर बरा हुतोय.”

कॅन्सर! बनाबाईच्या हातातलं लुगडं मोरीतच गळून पडलं.

“गप. सिदूला कळंल.”

लेकाला, सिदूला, गुडघ्याचंच सांगून दोघी सोलापूरला आल्या. बनाबाई दवाखान्याच्या बाकावर बसली. उठून पळावं, थेट माळावर जावं, असं वाटत होतं. ओठात ओवी आपसूक आली:

मेंढरं गेली रानी, मागं राह्यलं कोकरू
मुकं माझं दुखणं, कुणा सांगू, कसं करू

“काय होतंय, आजी?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“गुडघा.”

प्रियंकाने तोंड उघडलं आणि मिटलं. डॉक्टरीणबाई खाली वाकल्या, दोन्ही हातांनी गुडघा हळूच दाबू लागल्या. इतक्या मायेने त्या सुदृढ गुडघ्याला कधी कुणी हात लावला नव्हता. बनाबाईने तो हात धरला.

“तितं न्हाय, बाई,” ती म्हणाली. “पाळी कवाच गेली. तरीबी अंगावरनं जातंय. वास येतोय. मला लई भ्या वाटतंय.”