सियोच्या पाठीशी खडी

वादळ सरलं, पण सबेलच्या परसातली माती उताराकडे सरकतच राहिली. आणि नेमका त्याच उताराच्या कडेला, घरच्या रीतीप्रमाणे पुरलेला, तिचा नवरा सियो निजला होता.

त्याचा धाकटा भाऊ लिनो गवंडी. वहिनीला तो मनांग, म्हणजे ताई, म्हणायचा. जागा पाहून म्हणाला, “मनांग, माती अडवायला ब्लॉकची भिंत बांधू, पण तिच्यामागे हातभर खडी हवीच. नाहीतर पाणी तुंबून भिंत पोट काढेल.”

“मग भर की.”

“कुठे भरू? तिथे दादा आहे.”

“भिंत पुढे घे.”

“पुढे शेजाऱ्याची कोबी. तिच्या डोक्यावर बांधू?”

“तुझ्या डोक्यावर बांध. नाहीतरी रिकामंच आहे!”

दोघं हसली.

“त्याने स्वप्नात येऊन सांगितल्याशिवाय मी त्याला हलवणार नाही,” सबेल म्हणाली.

लिनोलाही रीत ठाऊक होती. गेलेल्या माणसाला ओल लागली तर तो स्वप्नात येऊन सांगतो. त्याने न बोलावता थडगं उघडलं, तर घराला बाधतं. बिचारी रोज वाट पाहत निजायची. सियो आला नाही. एका रात्री कडेचा एक लचका मात्र कोबीत जाऊन पडला.

दुसऱ्या सकाळी लिनो म्हणाला, “मनांग, दादा आला होता. म्हणाला, पाठ भिजते, मला वर घ्या.”

स्वप्न कसलं नि काय! त्याचा तर डोळाही लागला नव्हता.

डुक्कर कापलं, वडीलधाऱ्यांनी प्रार्थना म्हटली. अस्थी पुसून, नव्या घोंगडीत गुंडाळून वर घरालगत पुरल्या. मग लिनोने चर खणला, तळाशी खडी कुटली, पाणी जायला पाइप टाकला. पहिला थर जमिनीत बुजवला. पुढचा प्रत्येक थर जरासा डोंगराकडे रेललेला. सबेल मागे टोपलीने खडी ओतत होती. मधेच थांबली.

“रागावला होता का रे?”

“कोण?”

“सियो. स्वप्नात.”

“छे गं.”

“माझं नाव काढलं?”

लिनोने ओळंबा भिंतीला लावला. खरं सांगितलं, तर न बोलावता उघडलेलं थडगं हिला जन्मभर निजू देणार नाही.

“काढलं.”

“मग माझ्याकडे का नाही आला?” तिने मातकट हातानेच डोळे पुसले. “तुझ्याकडे पुन्हा आला तर सांग, एकदा इकडेही ये म्हणावं. काही बोलला नाही तरी चालेल.”

“सांगतो, मनांग.”

ब्लॉक चोख बसला होता. तरी लिनो तो ठोकत राहिला.