हिचा दुभाषी कुठाय?

त्या दुपारी माझी भूमिका हातची जाणार, हे मला ढळढळीत दिसत होतं. नाटक म्हणजे ग्रीक शोकांतिका, आणि तीही साहेबाच्या भाषेत. साहेब जाऊन सत्तर वर्षं झाली, त्याची भाषा मात्र कोर्टात आणि आमच्या नाट्यशाळेत अजून पाय पसरून बसलेली. मी युद्धात पकडून आणलेली परकी राजकन्या. विजयी राजापुढे भावाच्या जिवाची भीक मागायची, आणि नेमकी तिथेच माझी बोबडी वळायची.

"शेवटची संधी," दिग्दर्शक म्हणाले. "नाहीतर उद्यापासून दुसरी मुलगी."

तेवढ्यात मावशी माझा डबा घेऊन आली. समोरच्याच कोर्टात ती तीस वर्षं दुभाषी आहे. मी पुन्हा अडखळले, तशी ती दारातूनच म्हणाली, "अहो सर, पण हिचा दुभाषी कुठाय?"

"कसला दुभाषी?"

"ही कालच पकडून आणलीय ना? मग राजाची भाषा अशी फाडफाड कशी बोलेल? आमच्याकडे तर असा साक्षीदार आजवर आला नाही."

दिग्दर्शकांनी कपाळावर हात मारला. "ग्रीकांनी परक्यांच्या तोंडी आपली भाषा घातली, आणि आपण त्यावर साहेबाची कोंबली! परदेशात दोन वर्षं यावरच व्याख्यानं ऐकली मी. काखेत कळसा अन् गावाला वळसा! मावशी, या, उभ्या राहा इथे!"

मी घरच्या भाषेत सुरू केलं. काय सांगू, शब्द नुसते धो धो आले! मावशी शेजारी हात मागे बांधून उभी. माझं वाक्य संपलं की ती ते साहेबाच्या भाषेत सांगायची. मी 'माझा भाऊ' म्हटलं की तीही 'माझा भाऊ'. 'ही म्हणते' वगैरे नाही, कोर्टाचा नियमच तसा. माझ्या अंगावर काटा आला.

पण राजा झालेला नट उत्तरं मावशीला द्यायला लागला. बघायचाही तिच्याकडेच. भाऊ माझा, रडतेय मी, आणि हा बाबा तिच्याशी बोलतोय! माझं डोकंच फिरलं.

"ए, इकडे बघ! बोलतेय मी!"

हे नाटकात नव्हतं. मी जीभ चावली. गेली आता भूमिका! मावशीने मात्र एक शब्द गाळला नाही. तेही तिने त्याच सपाट आवाजात साहेबाच्या भाषेत सांगितलं आणि उत्तराची वाट बघत थांबली.

राजाची मान वळली. महिनाभराच्या तालमीत पहिल्यांदाच त्याने माझ्या डोळ्यांत पाहिलं.

दिग्दर्शक खुर्चीतून उठलेच. "हे वाक्य राहणार!" ते ओरडले. "आणि हीच म्हणणार!"