एमिलचं पुसलेलं अक्षर

बेसबॉल खेळाडूंच्या जुन्या छापील कार्डांना आधीचा मालक चिकटलेला चालतो, पण तो नावाजलेला असावा लागतो. कुण्या मोठ्या खेळाडूच्या कपाटातलं कार्ड म्हटलं की गिऱ्हाईक हळवं होतं. त्याच कार्डामागे साध्या पोराचं नाव दिसलं की नाक मुरडतं, "व्हर्ना, हे डागी आहे गं."

म्हणून आम्ही पेन्सिल पुसतो. मऊ खोडरबर, हलका हात, वरून फुंकर. स्क्रँटनच्या या दुकानात मी अशी किती पोरं फुंकून टाकली, देव जाणे.

मार्चमध्ये गावातले म्हातारे मर्विन स्टँको वारले आणि त्यांच्या मुलीने कार्डांचा डबा मला विकला. त्यातल्या नऊ कार्डांमागे एकच नाव होतं, एमिल. खेळाडूने संघ बदलला की संघाचं जुनं गाव खोडून नवं लिहिलेलं, अक्षरं डावीकडे कललेली, वाऱ्यातल्या गवतासारखी. १९५४ पर्यंत. खेळाडू पुढेही गावं बदलत राहिले. अक्षर तिथेच थांबलेलं. पुसताना सारखं वाटत होतं, खांद्यामागे कुणी श्वास रोखून उभं आहे. मागे पाहिलं नाही. पुसून टाकलं.

आठवड्याने दोलोरेस ह्राबेक आल्या. ऐंशी उलटलेल्या, कोट गळ्यापर्यंत बंद.

"मर्विनचा डबा तुझ्याकडे आलाय म्हणे. त्यात आमच्या एमिलची कार्डं आहेत. माझा धाकटा भाऊ. एका मरतुकड्या पिचरचं कार्ड देऊन तीन चांगली उकळायचा, लबाड!" त्या हसल्या, आणि हसू मध्येच विझलं. "चोपन्नच्या ऑगस्टमध्ये पोलिओने गेला. बारा वर्षांचा. ताप चढला त्या दिवशी खिडकीतून कार्डं मर्विनच्या हाती देत म्हणाला, सांभाळ, मी उठलो की परत दे. नंतर रोग पसरेल म्हणून आईने त्याचं सगळं जाळलं. वह्या, अंथरूण, टोपी. शाळेत नन डाव्या हातावर पट्टी मारायच्या, म्हणून तिथे उजव्याने लिहायचा. त्याचं खरं अक्षर या कार्डांवरच. मला ते एकदा बघू दे, पोरी."

मी गल्ल्याजवळचं खोडरबर खणात सारलं.

"मिसेस ह्राबेक, मी... पुसलं ते."

"पुसलं?"

"विकायला सोपं जातं म्हणून."

"आईला निदान भीती तरी होती गं. तुला काय झालं होतं?"

मी एमिलच्या नऊ कार्डांतलं एक काढून त्यांच्या हातात ठेवलं. त्या खिडकीशी गेल्या. उन्हात कार्ड कललं आणि कोऱ्या पाठीवर बारीक चर उमटले, बर्फावरून पाखरू चालून गेल्यासारखे. शिसं गेलं होतं, दाब राहिला होता.

"पेन्सिल दे," त्या म्हणाल्या.

त्यांनी चरात टोक ठेवलं. उजव्या हाताची बाई, पण अक्षर उतरलं ते डावीकडे कलून. ए. मि. ल. मनगट जणू दुसरंच कुणी धरलं होतं. त्या कुजबुजल्या, "असंच. अस्संच लिहायचा."

मग गावं आली, एकेक खोडलेलं. शेवटच्या ओळीत चर उथळ होत गेला. पेन्सिल घसरू लागली. त्यांनी डोळे मिटून नखाने चाचपलं.

"इथे बोटांत जोर नव्हता त्याच्या."

बाल्टिमो, एवढंच उमटलं. पुढे कागद सपाट.

"बाल्टिमोरचा पुढचा 'र' मी लिहू का?" मी विचारलं.

"नको. त्याने लिहिलं तिथवरच." त्यांनी माझ्याकडे न बघता हात पुढे केला. "उरलेली आठ आण."