पेन्काचे बंद रेडिएटर

खोल्या तापवणाऱ्या रेडिएटरच्या मीटरवरचे आकडे तपासायला आलेला माणूस जिन्यात बोलून गेला आणि झ्लात्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तुमच्या शेजारच्या पेन्काबाईंचे चारही शून्य! हिवाळाभर चावी फिरवलेलीच नाही त्यांनी."

शून्य! बाहेर उणे बारा, पेर्निक गावच्या रस्त्यांवर गुडघाभर बर्फ, मग ही बया जगते कशावर? झ्लात्काच्या भिंतीवर, दुसरं काय! काँक्रीटची एकच भिंत दोन घरांमधली. इकडून तापवायची झ्लात्काने आणि तिकडे पाठ लावून शेकत बसायचं हिने. वर पैचं बिल नाही.

झ्लात्काला हौस नव्हती रेडिएटर लावायची. तिचा नवरा बोयान तीस वर्षं कोळशाच्या खाणीत उतरला आणि अर्धी खाण छातीत घेऊन वर आला. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, गारठा बाधला तर बोयान वसंत ऋतू काही बघत नाही. म्हणून तिने स्वयंपाकघर आणि आतली खोली बंद केली, खिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबल्या, दाराखाली जुन्या कोटाची सुरळी लावली. एका खोलीत, एका रेडिएटरवर, चावी दोनच्या आकड्याच्या पुढे न नेता दोघांनी नोव्हेंबर, डिसेंबर काढला. इतकं करून ऊब पळवणार कोण, तर पेन्का!

तिने पेन्काचं दार बडवलं.

"काय गं, लाज विकून खाल्लीस का? माझ्या नवऱ्याच्या वाटची ऊब खातेस?"

पेन्का दारात आली. अंगात तीन स्वेटर, डोक्याला लोकरीचा रुमाल. "तुझी ऊब? नाव लिहिलंय का तिच्यावर? एवढा जीव जळतोय तर पोत्यात भरून ठेव!"

"ठेवतेच! बघच तू!"

बोलल्याप्रमाणे केलं तिने. भिंतीला घरातले तिन्ही गालिचे ठोकले, त्यांवर माळ्यावरच्या गोधड्या, आणि त्यांना दाबायला कपड्यांनी भरलेलं कपाट इंच इंच सरकवत आणून उभं केलं. त्यासाठी बोयानचा पलंग भिंतीपासून हलवून खिडकीकडे लावावा लागला.

"नको करूस असं," बोयान म्हणाला.

"तू गप! तुझ्यासाठीच मरतेय मी."

तिसऱ्या दिवशी ती औषधं घेऊन परतली तेव्हा कपाट तिरकं झालं होतं. गोधड्या, गालिचे जमिनीवर. बोयान भिंतीला टेकून बसला होता, ओठ निळे पडलेले.

"अरे देवा! तू ओढलंस हे? एकट्याने? त्या चोरटीसाठी जीव द्यायला निघालास?"

त्याने आधी दम घेतला. मग म्हणाला, "ती ठोकत होती."

"ठोकू दे! डोकं आपटून घेऊ दे!"

"कधीपासून ठोकत होती कोण जाणे. बारीकसं ऐकू आलं." त्याने धाप आवरली. "खाणीचं छत कोसळलं तेव्हा मी सोळा तास दगडावर ठोकत होतो, झ्लात्का. पलीकडच्यांनी गोधडी लावली असती तर?"

झ्लात्काचा राग आणखीच चढला. तिने रेडिएटरची चावी पार बंद केली. "बरं! मग बसा दोघंही कुडकुडत!"

बोयानने वाद घातला नाही. कोट घातला, टोपी घातली, पुन्हा भिंतीशी जाऊन बसला. खोली भराभर निवाली. तासाभरात त्याची छाती शिट्टी वाजवू लागली.

"पलंगावर ये. लावते रेडिएटर. पण कपाट परत जागेवर जाणार."

"मग नको."

"मरशील रे, मेल्या!"

"कपाट नको."

ती बटाटे सोलत बसली होती. सुरी ताटलीत आपटून उठली आणि तिने चावी थेट शेवटच्या आकड्यावर, पाचवर नेली. त्या हिवाळ्यात पहिल्यांदाच. पाइपातून गरम पाणी खळखळत आलं. मग तिने तळहाताने भिंतीवर सणसणीत थाप मारली.

"घे! गिळ, सटवे! पोट फुटेस्तोवर शेक!"

पलीकडून पेन्काचा आवाज आला, अगदी भिंतीला तोंड लावल्यासारखा.

"बोयान आहे ना गं?"

"काय?"

"दोन दिवस त्याचा खोकला ऐकू आला नाही. रोज येतो. मला वाटलं... म्हणून ठोकत होते. तुझ्यासाठी नाही, भवाने!"

झ्लात्काचा हात भिंतीवरच राहिला. मागे बोयान खोकायला लागला होता.

"आहे," ती म्हणाली. "आहे अजून."