खुंटीवरची नारिंगी टोपी

मी पोहण्याची टोपी बोलतेय. नारिंगी, स्वस्तातल्या रबराची. विस्कॉन्सिनमधल्या या दवाखान्यात मला भर भिंतीवर टांगलंय. येणारा-जाणारा बघतो, तेव्हा आजही मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

माझा जन्मच मुळी लाजिरवाणा. आधी तळ्यात पोहायचं, मग सायकल, मग धावायचं, अशी ती शर्यत. जाणत्यांना पांढऱ्या टोप्या. तळ्यात पहिल्यांदाच उतरणाऱ्यांना मी, म्हणजे होडीतल्या राखणदारांनी त्यांच्यावर नजर ठेवावी. थोडक्यात, डोक्यावर चढवलेलं नवखेपण!

आणि मी वाट्याला आले ती डॉक्टर मारित हालवरसनच्या. कॉलेजच्या संघात ती नावाजलेली पोहणारी होती. पुढे फुप्फुसांची डॉक्टर झाली आणि पोहणं सुटलं. पन्नाशीला पुन्हा हुक्की आली.

तिची संघातली मैत्रीण जोलीन मला बघून खो खो हसली. "अगं, हे तर बाळाचं टोपडं! झबलंपण दिलंय का?"

मारितचे कान लाल झाले. गार पाण्यात दोन टोप्या घालतातच. तिनं मला आत घातलं आणि वरून कॉलेजची जुनी निळी टोपी ओढली. तिला माझी लाज वाटली हे मला लागलं. पण खरं सांगू? मलाही माझी वाटतच होती.

तळ्याचं पाणी बर्फासारखं. थोडं अंतर जाते न जाते तोच तिचा श्वास अडकला. तळ दिसेना, धरायला काठ नाही. तिनं हात वर केला, पण राखणदारांची नजर नारिंगी शोधत होती. काळपट पाण्यात निळं डोकं कुणाला दिसणार? नाकातोंडात पाणी गेलं. तिच्या कानशिलाची धडधड मला कळत होती आणि मी आत दडलेली.

मग तिनं वरची टोपी ओरबाडून फेकून दिली.

होडी लगेच आली. "धरा बाई, घट्ट धरा," राखणदारीण म्हणाली. "आधीच का नाही दिसलात?" मारित नुसती रडली. शर्यत तिथंच संपली.

सोमवारी दवाखान्यात डेलबर्ट आला, गाईंच्या गोठ्यात जन्म गेलेला म्हातारा. ओठ निळे पडलेले. ऑक्सिजनची नळी गाडीत ठेवून आलेला.

"चर्चमध्ये शुक्रवारी माशांची पंगत असते डॉक्टर. नाकात नळी घालून कसा बसू? अख्खं गाव बघतं."

मागच्या खेपेला तिनं त्याला झापलं होतं, "लाज कसली बाळगता?" आज तिनं पिशवीतून मला काढलं आणि मान खाली घालून सगळं सांगितलं.

"म्हणजे तुम्हीपण माझ्यासारख्याच लबाड!" डेलबर्ट खोकला येईपर्यंत हसला. "मग सौदा करू. मी नळी लावून मासे खातो. तुम्ही ही टोपी सगळ्यांना दिसेल अशी टांगा."

म्हणून मी इथं. "ही कुणाची?" असं कुणी विचारलं, की मारितचे कान अजून लाल होतात. पण ती "माझी" म्हणते. परवा डेलबर्ट भरल्या खोलीतून नाकात नळी घालून आला आणि मला बघून त्यानं सलाम केल्यासारखी आपल्या टोपीला दोन बोटं लावली.

लाज जात नाही हो, माझीसुद्धा गेली नाही. एवढंच मागते: लाज वाटली तर वाटू द्या, पण मला आत घालू नका. वर घाला.