दोन वाजताचा खेळ

पावणेदोनची गाडी चांद्याकडं निघून गेली, की सौंदड स्टेशनावर चारपर्यंत काही म्हणजे काही नसे. पॉइंट्समन घरी जेवायला जाई आणि तिथंच आडवा होई. समोर धानाच्या बांध्या, मागं माझं क्वार्टर आणि मधे मी, सौंदडचा स्टेशनमास्तर खेमराज. ठीक दोन वाजता भिंतीवरच्या फोनची घंटी वाजे. तो फोन कंपनीनं गाड्यांसाठी लावला होता. आम्ही तो बॅडमिंटनसाठी वापरत होतो.

आम्ही म्हणजे मी आणि अर्जुनीचा स्टेशनमास्तर उदाराम. मी हा खेळ शिकलो गोंदियात, रेल्वेच्या क्लबात. साहेब लोकांना चौथा गडी कमी पडला की कारकुनाला हाक मारत. उदाराम असाच डोंगरगढला शिकला. पुढं दोघांची बदली छोट्या लाईनवर झाली आणि रॅकेट खुंटीला लागली. उरलं ते बोलणं. गावच्या मालगुजारांचं, ईश्वरदासांचं, नागपूरचं इंग्रजी वर्तमानपत्र सकाळच्या गाडीनं येई आणि त्यांचा कोतवाल ते न्यायला बाराशिवाय उगवत नसे. तेवढ्यात मी खेळाचं पान पाठ करी आणि घडी होती तशी घालून ठेवी. अर्जुनीला पेपर येत नसे. म्हणून मी वाचलेलं सांगायचं, उदारामनं त्यात मीठमसाला घालायचा आणि मग दोघांनी भांडायचं.

त्या काळी पेपरात दोन नावं गाजत होती. मलायाचा लिम आणि डेन्मार्कचा होल्म. लिम फूल, म्हणजे शटल, इकडंतिकडं टाकून समोरच्याला कोपऱ्याकोपऱ्यांत पळवी, दमवी आणि तो चुकेपर्यंत थांबे. होल्म मारी. बस, मारी. मी लिमच्या बाजूचा. आम्ही जातीचे कोहळी, आमच्या आज्यापणज्यांनी तलाव बांधले. पाणी अडवून धरायचं आणि घाई करायची नाही, हे आमच्या अंगातच आहे. उदारामला हे पटत नसे.

"खेमराजभाऊ, तुमचा लिम खेळत नाही, चिकटून राह्यते. होल्मचा स्मॅश आयका! पेपरवाल्यानंच लिवलं न, फूल फाटलं मनून?"

"फूल फाडनं म्हंजे खेळ का? मंग कातरी घेऊन जाय न मैदानात."

तो इतका हसे की फोन कानापासून दूर धरावा लागे. आम्ही दोघांनी या खेळाडूंपैकी एकालाही पाहिलं नव्हतं. एकमेकांनाही पाहिलं नव्हतं. अर्जुनी काही विलायतेत नाही, पण एकट्या मास्तरचं स्टेशन सोडून जाणार कसा? चार वर्षं आम्ही असेच बोलत होतो.

छत्तीस साली तान्ह्या पोळ्याच्या दिवशी माझी बायको रुख्मा तापानं गेली. मूलबाळ नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी ड्युटीवर आलो आणि दोन वाजता घंटी वाजली. "दोन दिवस कुठं होते, भाऊ?" उदारामनं विचारलं. मी म्हणालो, ताप होता. मग तो सिंगापूरच्या सामन्याबद्दल बोलला, होल्मच्या बॅकहँडबद्दल बोलला आणि मीही बोललो. चारची गाडी येईपर्यंत बोललो. त्या दोन तासांत मी जिवंत माणसासारखा होतो. बाकीच्या बावीस तासांत काय होतो, ते सांगण्यासारखं नाही. त्यामुळं मी उदारामला कधीच सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू असंही नाही. सांगायचंच नाही, असं ठरवलं होतं. त्याला कळलं असतं तर तो हळू आवाजात बोलू लागला असता, आणि हळू आवाजात बोलणारे मला गावात पुष्कळ होते.

अडतीस सालच्या हिवाळ्यात पेपरात बातमी आली. परदेशी खेळाडू कलकत्ता, मुंबई करून नागपूरला येणार होते. तीन दिवस सामने. लिमही आणि होल्मही. मी फोनवर सांगितली तेव्हा उदारामनं ती माझ्याकडून तीनदा वदवून घेतली.

दोघांनी रजेचे अर्ज टाकले. गोंदियाहून उत्तर आलं की सेक्शनला बदली मास्तर एकच, शालीकराम. तो एकाच ठिकाणी जाईल. मी सीनियर म्हणून रजा मला मंजूर झाली.

"जा तुमी," उदाराम म्हणाला. "पन आले का सारं सांगजा."

त्या रात्री मी अंथरुणावर पडून नागपूरला जाऊन आलो. खुर्चीवर बसलो आहे, लिमनं जाळ्यापाशी अलगद फूल सोडलं आहे, सगळे टाळ्या वाजवताहेत आणि मी शेजारी बघतो तर कोणी अनोळखी माणूस. त्याला काय म्हणू? आणि परत येऊन उदारामला मी काय सांगणार? सांगणं मला येत नाही, ते त्याला येतं. त्याच्या तोंडून ऐकलेला सामना मला डोळ्यांनी पाहिलेल्यापेक्षा जास्त हवा होता. निदान महिनाभर पुरला असता.

सकाळी मी गोंदियाला कळवलं की रजा उदारामला द्या. दोन वाजता त्यालाही सांगितलं.

"कायले, भाऊ?" तो ओरडलाच.

"माझी कंबर दुखून राह्यली. गाडीत बसवत नाही. तू जाय, न एकेक पॉइंट ध्यानात ठेव."

"ठेवतो. पन तुमी पेपर वाचू नका. फायनल माझ्याच तोंडून आयका. घ्या आन."

मी आण घेतली.

तो निघाला त्या दिवशी गाडीचं इंजिन आमच्याकडं पाणी घ्यायला थांबलं. आठ मिनिटं. मी धुतलेला कोट घालून उभा होतो. आवाजावरून मी उदारामला धिप्पाड समजत होतो. उतरला तो चष्म्याचा, काडीसारखा माणूस. त्यानंही माझ्याकडं पाहिलं आणि तोही चरकला असावा. चार वर्षं तास न् तास बोलणारे आम्ही, नव्या नवरा-नवरीसारखे उभे.

"थंडी आहे," तो म्हणाला.

"आहे," मी म्हणालो.

तेवढ्यात बायकांच्या डब्यातून त्याची बायको नंदाबाई उतरली. ती गोंदियाला माहेरी राहणार होती. तिच्या हातात एक पुडकं होतं.

"तुमीच का खेमराजभाऊ? आमच्या घरी रोज तुमचंच नाव निंगते. बाई कुठं आहे? तिच्यासाठी लाखोळीच्या दाळीच्या वड्या आनल्या. तिच्याच हाती देतो, एकदा भेट तरी होईल."

माहेरी गेली म्हणून सांगितलं असतं तर तेवढ्यावर भागलं असतं आणि गाडी सुटली असती. फोनवर मी शंभर वेळा खोटं बोललो असतो. पण ती बाई समोर पुडकं धरून क्वार्टरच्या दाराकडं बघत होती, आणि ते दार मी कुलूप लावून आलो होतो.

"ती नाही आता," मी म्हणालो. "दोन वरसं झाली. तान्ह्या पोळ्याले गेली."

नंदाबाईनं पदर तोंडाला लावला. उदाराम बोटं मोजावीत तसा विचार करत होता.

"तुमाले ताप होता तवा," तो हळूच म्हणाला. "त्याच्या दुसऱ्या दिवशी का तिसऱ्या... आपन बोललो होतो."

"बोललो."

"मी तं हसून राहिलो होतो, भाऊ. काऊन नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं तं तू खेळाचं बोलला नसता."

इंजिनानं शिटी दिली. मी हिरवं निशाण दाखवलं, कारण ते माझंच काम होतं. गाडी गेली तेव्हा वड्यांचं पुडकं माझ्या हातात होतं आणि उदाराम डब्याच्या दारात उभा राहून माझ्याकडं बघत होता. मला त्याचं ते बघणं आवडलं नाही.

ते सगळे दिवस दोनची घंटी वाजली नाही. अर्जुनीला बसलेला शालीकराम गाडीपुरता बोले आणि खाली ठेवी. मी मनाला समजावत होतो की नागपूरचं मैदान बघितल्यावर उदाराम सगळं विसरेल. खेळवेडा माणूस आहे, होल्मचा एक स्मॅश पाहिला की त्याला बायकोचंही नाव आठवायचं नाही. फायनलची बातमी असलेला पेपर आला तेव्हा तो मी उलटा करून त्यावर कंदील ठेवला. कोतवाल बाराला आला. घडीकडं बघून म्हणाला, "आज वाचलं नाही जी, मास्तर?" म्हणजे गावभर सगळ्यांना ठाऊक होतं तर! मी त्याच्यावर उगाच खेकसलो. पण पेपर उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक मालगाडी न थांबता आमच्या स्टेशनातून गेली. मागच्या ब्रेकव्हॅनमध्ये गार्डच्या शेजारी उदाराम उभा होता. मी निशाण धरलेला हात उंच केला. मला वाटलं, तो हवेत एखादा फटका मारून दाखवेल, कोण जिंकलं ते खुणेनं सांगेल. त्यानं दोन्ही हात जोडून मला नमस्कार केला.

त्या दुपारी मी जेवलो नाही. जेवणात उशीर झाला आणि घंटी वाजली तर? पावणेदोनची गाडी घालवली, पॉइंट्समनला घरी पिटाळलं, खुर्ची फोनपाशी ओढली. दोन वाजले आणि घंटी वाजली.

"खेमराजभाऊ?"

"बोल! पेपर उघडला नाही मी. पयल्या सर्व्हिसपासून सांग."

तो म्हणाला, "जेवले का तुमी?"

"उदाराम, फायनल."

"भाऊ, मले पाह्यताच नाही आलं. पुढच्याच रांगेत बसलो होतो. लिम आला, होल्म आला, लोकं टाळ्या वाजवून राहिले होते. न मले सारखं वाटे, हा मानूस बायकोले जाळून आला होता, न मी त्याले होल्मचा बॅकहँड सांगत बसलो होतो. पयला गेम बी पुरा नाही पाह्यला. उठलो न स्टेशनावर येऊन बसलो."

मला राग आला. माझी रजा, पुढची रांग, दहा पावलांवर लिम, आणि हा माणूस माझ्यासाठी उठून गेला! कोणी सांगितलं होतं याला? पण हे ओरडून सांगावं तर कोणाला? ज्यानं माझ्यापायी फायनल सोडली, त्यालाच?

"लिम दिसते कसा, तेवढं तरी सांग," मी म्हणालो. माझा आवाज मलाच भीक मागितल्यासारखा वाटला.

"राहू द्या ते. लई बोललो मी त्या खेळाचं, माझंच मले वंगाळ वाटून राह्यलं. आता तुमचं सांगा. सयपाक कोन करते? रात्री झोप येते का? नंदा मनत होती, परत आली का गाडीनं डबा पाठवत जाईल." तो किती हळू बोलत होता. "मी रोज फोन करत जाईन, भाऊ. रोज दोन वाजता. तुमी एकटे नाही."

माणूस भला होता. त्यानं जन्मभर माझी अशीच विचारपूस केली असती.

"जेवले का, सांगा न."

"जेवलो," मी म्हणालो.

"बरं झालं," तो म्हणाला. मी फोन खाली ठेवला. घड्याळात दोन वाजून सहा मिनिटं झाली होती.