टोपलीतली लिपी

इतिहासाच्या सरांना सगळी शाळा खापरसर म्हणायची. त्यांच्या खिशात मडक्याचा एक तुकडा कायम असायचा. धडा कुठलाही असो, आधी तो तुकडा टेबलावर यायचा आणि मग सरांचं ठेवणीतलं वाक्य, "राजा शिलालेखात खोटं लिहील, खापर खोटं बोलत नाही." पोरं हे वाक्य सरांच्या आधी म्हणून दाखवायची. सरांना राग यायचा नाही. आपलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला कोणाला आवडत नाही?

यंदा सहावीला जगातल्या पहिल्यावहिल्या संस्कृती शिकवायच्या होत्या. नद्यांकाठची शहरं, विटांची घरं, मातीच्या पाट्यांवरची लिपी. पुस्तकातली चित्रं बघून पोरं जांभया देतात, हे सरांना वीस वर्षांच्या अनुभवानं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी शक्कल लढवली. जुन्या वस्तीत माणसं कशी राहत होती हे कळतं कशावरून? त्यांनी टाकून दिलेल्या वस्तूंवरून. मग एका घराचा आठवडाभराचा सुका कचरा थर न मोडता वर्गात आणायचा आणि पोरांनी तो वरून खाली उकरत त्या घरातली माणसं ओळखायची. घर कोणाचं ते मात्र सांगायचं नाही.

घर अर्थात सरांचंच. दुसरं कोण देणार आपला कचरा?

"लोक चारचौघांत दागिने मिरवतात, तुम्ही केर मिरवा," बायको म्हणाली. पण बिचारीनं रोज संध्याकाळी टोपलीत वर्तमानपत्राचं एक पान अंथरलं, दिवसाचा थर वेगळा राहावा म्हणून.

टोपली शाळेत न्यायच्या दिवशी सरांनी ती खोलीचं दार लावून आधी तपासली. केस काळे करायच्या पावडरीचं खोकं काढलं. तयार उत्तरांच्या गाईडचं फाटलेलं मुखपृष्ठ काढलं, कारण वर्गात गाईड आणणाऱ्याला सर तासभर उभं करत. आणि बुधवारच्या थरात एका जड विद्वत्तेच्या मासिकाचं वेष्टन हळूच सरकवलं. उभा जन्म पुराव्यांचे गोडवे गाणारा माणूस, पण स्वतःची टोपली पुढे आली तेव्हा हात चालला तो राजासारखा. लाज वाटण्यासारखं आता काही उरलं नाही, अशी खात्री झाल्यावर त्यांनी टोपली उचलली.

सरांच्या घरात तिसरं माणूस होतं. त्यांचे वडील. बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. चौथीत शाळा सुटली, पण अक्षर असं की रस्त्यावरची मुलं त्यांच्या पाट्यांवरून वाचायला शिकली. शाळेच्या फाटकावरचा फलकही त्यांच्याच हातचा. संध्याकाळी सर घरी मुलांची शिकवणी घ्यायचे तेव्हा बाबा आतल्या खोलीत रंगाचे हात पुसत धडा ऐकत बसायचे आणि जेवताना म्हणायचे, "आज त्या नदीचं नाव सांगायला विसरलास."

मग अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली, उजवा हात गेला. डाव्या हाताला वळण लागावं म्हणून डॉक्टरांनी रोज काहीतरी लिहायला सांगितलं. बाबा भिंतीवरच्या, रोज एक पान फाडायच्या कॅलेंडरचं कालचं पान फाडून घेत आणि मागच्या कोऱ्या बाजूवर वेडंवाकडं काही गिरवत. धडा ऐकताना एखादी गोष्ट आवडली की त्यांच्या घशातून एक लांबलचक घोगरा आवाज निघे. शिकवणीची पोरं आधी दचकली, मग खुदुखुदू हसायला लागली. दीड वर्षापूर्वी एका संध्याकाळी सरांनी उठून आतलं दार लावलं. दुसऱ्या दिवशीही लावलं. पहिले काही दिवस आतून काठी आपटल्याचा आवाज यायचा, नंतर तो थांबला. सरांना वाटलं, सवय झाली.

वर्गात चार बाकं जोडून त्यावर चादर अंथरली होती. पोरांना ब्रश दिले, चिमटे दिले, नोंदवही दिली. जांभई औषधालासुद्धा नव्हती.

वर्गात एक मुलगी होती, जिला पोरं कशावरूनबाई म्हणत. कोणी काहीही सांगितलं की तिचा पहिला शब्द तोच. पावाच्या पिशवीवरून कोणी म्हणालं, "इथे दोन माणसं राहतात." ती म्हणाली, "कशावरून?" मग नळ्या सापडल्या, दूध पिण्याच्या, रोजच्या दोन.

"लहान बाळ आहे!" पोरं ओरडली.

"कशावरून? बाळ असतं तर एखादं मोडकं खेळणं निघालं असतं. या गोळ्यांची रिकामी पाकिटं बघा, आजीची असतात तसली. म्हातारं माणूस आहे. त्याला पेला धरता येत नाही."

सरांनी मान डोलावली. मुलगी हुशार होती. तिनं बुधवारचा थर उघडला आणि मासिकाचं वेष्टन उजेडात धरलं. "सर, यावर पोस्टाचा शिक्का तीन महिन्यांपूर्वीचा आहे. हे बुधवारी कसं पडलं? कोणीतरी मागाहून आत घातलंय."

पोरं हसली. सरही हसले, पण कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

आणि मग कॅलेंडरची पानं निघाली. दर थरात एक, अशी सात. मागच्या बाजूला थरथरत्या रेघा. पोरांनी ती फळ्यावर टाचणीनं ओळीत लावली आणि एकच गलका केला, "सर, लिपी! न वाचलेली लिपी!"

सरांनी ती पानं ओळखली. रोज सकाळी बाबांचा चहाचा कप उचलताना बशीखाली एक घडी सापडायची आणि ते ती स्वतःच्या हातानं टोपलीत टाकायचे.

"गिरवलंय कोणीतरी," एक मुलगा म्हणाला. "सर, तुम्ही सांगितलं होतं ना, चार हजार वर्षांपूर्वीच्या शाळेतली पोरं मातीच्या पाटीवर गिरवायची आणि टाकून द्यायची?"

"शाबास!" सर जरा जास्तच जोरात म्हणाले. "गिरवणंच आहे ते. पुढे चला."

"कशावरून?"

सरांनी चिमटा उचलून पुढचा थर उकरायला घेतला.

"गिरवणारा एकच ओळ एका पानावर दहा वेळा लिहितो, सर," मुलगी म्हणाली. "यानं रोज एकदाच लिहिलीय. आणि घडी घातलीय. गिरवलेल्या कागदाची घडी कोण घालतं? घडी घालतात चिठ्ठीची."

तिनं नकाशासाठीचा पारदर्शक कागद मागितला. सातही पानांवरच्या रेघा सात कागदांवर उतरवल्या आणि ते सातही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले. हात दर दिवशी वेगवेगळ्या जागी हलला होता, पण लिहिणाऱ्याच्या मनातलं अक्षर सातही दिवस एकच होतं. थरथर पसरून फिकट झाली आणि जिथे रेघा एकमेकींवर बसल्या तिथे अक्षर गडद उमटलं. सगळा वर्ग खिडकीशी गोळा झाला. तिनं बोट ठेवत ठेवत वाचलं.

"दार लावू नको. धडा ऐकू येत नाही."

मग प्रश्न सुरू झाले. कोणाला लिहिलंय? दार लावणाऱ्याला. घरात धडा कसला? म्हणजे घरात कोणीतरी शिकवतं. एकानं विचारलं, "मग त्यानं दार उघडलं का?"

"नाही," मुलगी म्हणाली. "उघडलं असतं तर सात दिवस कशाला लिहिलं असतं?"

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सात दिवस? सात दिवसांची टोपली होती म्हणून सात. त्याआधीच्या दीड वर्षाच्या घड्या कुठल्या उकिरड्यावर गेल्या, त्याची नोंद कुठल्याच वहीत नव्हती.

"सर, हे कोणाचं घर आहे?"

पोरं त्यांच्या तोंडाकडे बघत होती. खरं बोलायला एक वाक्य पुरलं असतं. सर म्हणाले, "कोणाचंच नाही. चिठ्ठ्या मीच लिहिल्या. तुमची परीक्षा घ्यायला."

वर्गानं टाळ्या वाजवल्या. "काय भारी थरथरलाय हात, सर! अगदी खराखुरा!" टाळ्या ऐकून मुख्याध्यापिका आल्या, त्यांना सगळं दाखवलं, त्यांनी तर चिठ्ठ्या आणि कागद एका मोठ्या पुठ्ठ्यावर लावून बाहेरच्या व्हरांड्यात टांगायला लावले. खाली सुवाच्य अक्षरात, "कल्पना आणि हस्तलेखन" आणि पुढे सरांचं नाव. "असे शिक्षक पाहिजेत," त्या म्हणाल्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. सरांनी ती म्हण आजवर इतक्या लोकांना लावली होती की स्वतःला लावताना ती दातात अडकली. टाळी वाजवली नाही ती फक्त कशावरूनबाईनं. ती सरांच्या हाताकडे बघत होती.

घरी गेल्यावर सर बाबांच्या खोलीच्या दाराशी उभे राहिले. बाबा खुर्चीत बसले होते, खुर्ची दाराला खेटून ओढलेली, कान दाराच्या फळीकडे. दीड वर्ष खुर्ची तिथेच होती. बायकोनं अनेकदा ती मागे सरकवली होती आणि रोज ती परत दाराशी यायची. हेही सरांना माहीत होतं. माहीत असून दिसलं नव्हतं.

"बाबा," ते म्हणाले. माफी मागायची तर आधी सांगावं लागणार होतं की चिठ्ठ्या वाचल्या नाहीत, आणि वाचल्या कोणी, तर सहावीतल्या पोरीनं. त्यांनी बाबांच्या अंगावरची शाल नीट केली. ती नीटच होती.

संध्याकाळी शिकवणीची पोरं आली. सरांनी दार उघडं ठेवलं. धडा जुन्या शहरांतल्या गटारांचा होता. विटांनी बांधलेल्या, वरून झाकलेल्या गटारांचं वर्णन करताना आतून तो लांब घोगरा आवाज आला. एक पोरगा फिसकन हसला.

"माझे वडील आहेत," सर म्हणाले. "त्यांना आवडलं." एवढं बोलताना त्यांच्या कपाळावर घाम आला. वडील आहेत हे सांगायला घाम यावा, याचीच त्यांना जास्त लाज वाटली.

सकाळी बशीखाली घडी होती. सरांनी ती उघडली, उजेडात धरली, आडवी केली, तिरकी केली. रेघा वेगळ्या होत्या, ओळ आखूड होती. एक अक्षर लागेना. बायकोलाही लागेना.

"त्यांनाच विचारा ना," ती म्हणाली. "मान हलवून सांगतील."

पण बाबा त्यांच्याकडे असे टक लावून बघत होते, जणू चिठ्ठी पोचली आणि आता उत्तर येणार. त्या डोळ्यांना "मला तुमचं अक्षर वाचता येत नाही" असं सांगायचं सरांना धाडस झालं नाही. त्यांनी घडी खिशात घातली. खापर होतं त्याच खिशात.

शाळेत गेल्यावर त्यांनी व्हरांड्यातला पुठ्ठा काढला आणि तो काखेत मारून वर्गात आले. पोरांनी "राजा शिलालेखात..." सुरू केलं. सरांनी हात वर केला.

"या चिठ्ठ्या मी लिहिल्या नाहीत," ते म्हणाले. "माझ्या वडिलांनी लिहिल्या. घर माझं. दार मी लावायचो, कारण ते ओरडले की मला पोरांपुढे लाज वाटायची. चिठ्ठ्या मी रोज टाकत होतो, न वाचता. आणि काल तुमच्याशी खोटं बोललो, तुम्ही टाळ्या वाजवल्यात आणि मी त्या घेतल्या." मग त्यांनी पेननं पुठ्ठ्यावरचं स्वतःचं नाव खोडलं.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

सर कशावरूनबाईच्या बाकाशी गेले आणि घडी तिच्यापुढे ठेवली. "आजची आहे. मला वाचता येत नाही. तू वाचून देशील?"

"एकच आहे, सर," ती म्हणाली. "एकावरून कसं लागणार?"

"बघ ना."

तिनं पुठ्ठा जवळ ओढला. काल लागलेली अक्षरं आता तिच्या ओळखीची होती. कुठला वेलांटीचा झोल, कुठली उभी रेघ खाली घसरते, ते ती एक एक ताडून बघत राहिली. सर तिच्या बाकापाशी उभे होते, हात पुढे बांधून. उत्तर न आलेली पोरं रोज त्यांच्यापुढे अशीच उभी राहायची. अर्धा तास संपला. शेवटी तिनं मान वर केली.

"पहिल्यापासून सांग," तिनं वाचलं. "एवढंच आहे. कशाच्या पहिल्यापासून, सर?"

सरांनी घडी परत हातात घेतली.

"दार लावलं तिथपासून," ते म्हणाले.